एका बाजूची शिलाई

मिराशी बाईंच्या पाया पडायला वाकलं की आशीर्वादाच्या आधी त्या आपल्या पाठीवरची शिवण तपासायच्या. "गळा मागून ओढतोय. कोणी शिवलाय हा?" एवढं झालं की मग डोक्यावर हात. माझ्या लग्नात, स्टेजवर, फोटोग्राफर ताटकळलेला असताना त्यांनी माझ्या शालूचा काठ उलटा करून फॉल कसा लावलाय ते पाहिलं आणि म्हणाल्या, "नीलम, हे मी शिकवलेलं नाही." माझ्या नवऱ्याला वाटलं, मानपानावरून रुसलेल्या कोणी आत्याबाई असाव्यात. तो घाबरून त्यांच्या दोनदा पाया पडला.

बाई परळच्या एका मुलींच्या शाळेत आम्हाला शिवण शिकवायच्या. आमच्या वर्गातल्या बहुतेकींचे वडील गिरणीत होते, नाहीतर गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते करत होते. शिवणाचा तास म्हणजे आराम, हा आमचा समज पहिल्या आठवड्यातच मोडला. बाई कापडाची सरळ बाजू बघायच्याच नाहीत. रुमाल हातात घेतला की आधी उलटा करायच्या. "वरून सगळ्याच बऱ्या दिसतात गं. आत काय गोंधळ घातलायस ते दाखव." गाठी दिसल्या की सगळं उसवायचं आणि पुन्हा घालायचं. सातवीत मी एक काज इतक्यांदा उसवलं की कापडाला हे एवढं भोक पडलं. बाईंनी ते बोटाने आणखी मोठं केलं, त्यातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दिसलीस बाई एकदाची." बाई विनोद करायच्या, पण आपण हसायचं नाही, असा नियम होता.

उंच, सडसडीत बाई. कडक इस्त्रीची सुती साडी आणि स्वतः शिवलेला ब्लाउज, खांद्यावर एक सुरकुती नाही. करी रोडच्या चाळीत एकट्या राहायच्या, पुढे त्या चाळीचा टॉवर झाला तेव्हाही एकट्याच. लिफ्टमध्ये एखाद्या अनोळखी माणसाच्या शर्टाचं बटण लोंबत असलं, तर बाई पर्समधून सुईदोरा काढून "हलू नका" म्हणायच्या. तो माणूस आपला मजला येऊन गेला तरी हलायचा नाही. लग्न त्यांनी केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कोणाची टाप नव्हती. एरवी बोलणं अगदी पुस्तकी. रागावल्या की मात्र गावाकडची मालवणी बाहेर यायची, आणि आम्ही पोरी समजून चुकायचो की आता खैर नाही.

पन्नाशीच्या जरा अलीकडे बाईंना स्तनाचा कॅन्सर झाला. एक बाजू काढली. उपचार संपल्यावर त्या शाळेत रुजू झाल्या, आणि रिकाम्या बाजूसाठी त्यांनी स्वतःच एक पिशवी शिवली. मऊ मलमलची, आत मोहरी भरलेली, म्हणजे वजनही बरोबर यावं. स्वतःच्या त्या कामावर त्या बेहद्द खूश होत्या. एकदा ती धुऊन गॅलरीत वाळत घातली आणि विसरून भावाकडे गणपतीला निघून गेल्या. परत येऊन बघतात तर मोहरीला कोंब फुटलेले. ही गोष्ट बाई स्वतः सांगायच्या आणि आपण हसलो की डोळे वटारायच्या. त्या कोंबांनंतर त्यांनी ठरवलं की ऑपरेशन करून आतच सिलिकॉनची पिशवी, म्हणजे इम्प्लांट, बसवायचं.

लोक बोलायचे ते बोललेच. एकटी बाई, या वयात, हिला कोणासाठी हवंय? शिक्षकांच्या खोलीत एकीने हे जरा मोठ्यानेच विचारलं. बाईंनी चहा संपवला, कप धुऊन पालथा घातला आणि म्हणाल्या, "माझ्या घरात आरसा आहे." एवढंच.

तीन वर्षांनी त्याच कॅन्सरने मला गाठलं. मी तेव्हा दादरच्या एका पतपेढीत नोकरीला होते, मुलगी लहान होती. ऑपरेशनची तारीख ठरली आणि डॉक्टरांनी विचारलं की त्याच वेळी इम्प्लांट बसवायचं का. घरात सगळे समजूतदारपणे म्हणाले, जीव वाचतोय हे खूप झालं, आणखी कशाला. नवरा म्हणाला, मला काही फरक पडत नाही. तो अगदी मनापासून म्हणाला, आणि मला रात्रभर रडू येत राहिलं. दुसऱ्या दिवशी बाई दारात. कोणाकडून कळलं कोण जाणे. चप्पल काढता काढता म्हणाल्या, "त्याला फरक पडत नाही हे चांगलंच आहे. तुला पडतो का?" मी मान हलवली. "मग बसव. घाबरतेस काय, मी बसवलंय ना?"

मी बसवलं. नंतर बऱ्याच वर्षांत मला त्याचा एकदाही पश्चात्ताप झाला नाही, हे आधीच सांगून टाकते.

बाईंनी अशा चौघीजणींना तयार केलं. त्यांतली एक शिवडीची पुष्पाताई. लालबागच्या बाजारात मासे विकायची, आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडचं गिऱ्हाईक वळावं. परळच्या हॉस्पिटलच्या बाकावर ती बाईंच्या शेजारी येऊन बसली, एवढीच त्यांची ओळख. बाईंनी तिलाही विचारलं, तुला फरक पडतो का? पुष्पाताई म्हणाली, "पडतो म्हणजे? मी पाट मांडून बाजारात बसते. गिऱ्हाईकाने पापलेटाकडं बघायचं का माझ्याकडं, एक बाजू खय गेली म्हणून?" बाईंना ते उत्तर फार आवडलं होतं. "हिचा हिशोब पक्का," म्हणायच्या.

बाई निवृत्त झाल्या, आम्ही सगळ्या आपापल्या संसाराला लागलो. आणि मग एका रविवारी सकाळी बाई माझ्या घरी आल्या. जरा वाळल्यासारख्या वाटत होत्या. पाणीसुद्धा न घेता म्हणाल्या, "कपाट उघड. ब्लाउज काढ सगळे."

मला वाटलं, वयोमानाने काहीतरी झालंय. पण बाईंना नाही म्हणायची सवय नव्हती. मी ढीग आणून पलंगावर टाकला. बाई चष्मा लावून खाली बसल्या आणि एकेक ब्लाउज उलटा करून दोन्ही काखांखालच्या शिलाया बोटाने चाचपायला लागल्या. डावी, उजवी. मग दुसरा. डावी, उजवी. आम्ही बायका ब्लाउज शिवून घेतो तेव्हा शिंपी आत थोडं जादा कापड सोडतो, अंग सुटलं की शिलाई उसवून ते बाहेर काढायचं. बाई ते बघत होत्या. सगळा ढीग संपला तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बरं. आता चहा टाक. मग सांगते."

त्यांनी जे सांगितलं ते असं. वर्षभरापूर्वी त्यांना ब्लाउज डाव्या बाजूला घट्ट व्हायला लागले. दुखत नव्हतं, ताप नव्हता. आता दुसरी एखादी बाई काळजीत पडली असती. बाई शिवणाच्या. माप बदललं तर कापड बदलायचं, हे त्यांनी जन्मभर पोरींना शिकवलं होतं. त्यांनी डावीकडची एक शिलाई उसवली. दोन महिन्यांनी दुसरी. नवे ब्लाउज बेतले तेही डावी बाजू मोठी धरून, आणि असे सुरेख बेतले की बघणाऱ्याला काही कळू नये. आत सोडलेलं कापड संपलं आणि उसवायला काही उरलं नाही, तेव्हा कुठे त्या डॉक्टरांकडे गेल्या.

"इतकी वर्षं कापडाची उलटी बाजू बघत आले," बाई म्हणाल्या, "आणि स्वतःच्या अंगाला मात्र वरून झाकण शिवत बसले."

डॉक्टर मुलगी तरुण होती, त्यांनी शेवटी शेवटी शिकवलेल्या मुलींच्या वयाची. इम्प्लांटच्या भोवती पाणी साठलं होतं. तिने ते सुईने काढलं आणि नुसतं फेकून न देता तपासायला पाठवलं. तपासात लिम्फोमा निघाला. पहिला कॅन्सर परत आलेला नव्हता, हा वेगळाच होता. काही इम्प्लांट आत सरकू नयेत म्हणून त्यांची वरची बाजू मुद्दाम खरखरीत केलेली असते. शरीर त्याच्याभोवती आपलं एक आवरण तयार करतं, आणि क्वचित, अगदी क्वचित, बऱ्याच वर्षांनी त्या आवरणात हा आजार सुरू होतो. बाईंचा आवरणाच्या बाहेर गेला नव्हता. इम्प्लांट आणि भोवतालचं आवरण असं दोन्ही काढून टाकलं, तेवढ्यावर भागलं. हे सगळं होऊन गेलं तरी आम्हाला कोणालाही पत्ता नव्हता.

"खरखरीत कापड अंगालगत लावायचं नाही, हे मी सहावीला शिकवत होते," त्या म्हणाल्या. मी हसले नाही.

माझं इम्प्लांटही तसंच खरखरीत होतं. माझा हात काखेखालच्या शिलाईवर गेला. "मग माझंही काढायचं?"

"मीही तुम्हा चौघींसाठी हेच विचारलं. काही होत नसेल तर उगाच काढायचं नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. धोका फार थोड्या जणींना. पण तपासत राहायचं. आणि एका बाजूला सूज आली, गाठ लागली, ब्लाउज घट्ट झाला, तर शिंप्याकडे जायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. त्याच आठवड्यात." मग जरा थांबून म्हणाल्या, "बसव म्हणून मी सांगितलं होतं. म्हणून हे सांगायलाही मीच यायला हवं. फोनवर सांगण्यासारखं नाही ते."

बाईंचा स्वभाव माझ्यासमोर असा उघड कधी आला नव्हता. त्या काळजीत होत्या, आणि स्वतःच्या नव्हे. आपल्या शब्दावर विश्वास ठेवून चार बायकांनी हे अंगात बसवून घेतलं, त्यांतल्या एकीला जरी उशिरा कळलं तर, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती. दोघींकडे त्या जाऊन आल्या होत्या, दोघी ठीक होत्या. माझं झालं. उरली पुष्पाताई. "माझ्याबरोबर येशील?" बाईंनी विचारलं. बाई विचारतायत, ऑर्डर सोडत नाहीत, हे ऐकून मी लगेच पर्स उचलली.

शिवडीला पुष्पाताईच्या घरी दोरीवर कपडे वाळत होते. बाई उंबरठ्याशीच थांबल्या. दोरीवरच्या हिरव्या ब्लाउजला उजव्या काखेखाली वेगळ्याच कापडाचा तुकडा जोडला होता. डावीकडे काही नव्हतं. बाईंनी माझा दंड धरला. त्यांची बोटं मला आत्ताही जाणवतात.

पुष्पाताईने सगळं ऐकून घेतलं. मग ती जी भडकली! "मना काय धाड भरलीय? दुखत नाय, खुपत नाय. तुमीच बोलल्यात बसव, आता तुमीच बोलताय काढ! मी काय तुमच्या शाळंतला रुमाल हाय, घाला नि उसवा?"

बाईंना कोणी असं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. "खरं आहे तुझं," म्हणाल्या आणि जिना उतरल्या. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई लालबागच्या बाजारात हजर. इस्त्रीची साडी सावरून, एक रिकामा क्रेट पालथा घालून पुष्पाताईच्या पाटाशेजारी बसल्या. काही बोलल्या नाहीत, नुसत्या बसल्या. मी कामावर जाताना तिकडून गेले तेव्हा बाजारात सगळ्या कोळणी पदरात तोंड घालून हसत होत्या. कारण बाई गप्प बसत होत्या त्या फक्त पुष्पाताईशी, गिऱ्हाइकांशी नाही. एका बाईने सुरमई स्वस्त मागितली तर म्हणाल्या, "मागतेय तर देऊन टाक गं, चांगल्या घरातली दिसते." दुसरीला म्हणाल्या, "बांगडा आज जरा मऊ वाटतो, उद्या या." असं तीन सकाळी चाललं. चौथ्या दिवशी पुष्पाताईने कोयता बाजूला ठेवला, हात धुतले आणि शेजारणीला म्हणाली, "पाट सांभाळ गो. ही बाई माझा धंदा बसवल." मग बाईंकडे वळून, "चला. खय न्यायचाय तिथं न्या."

सुईतून आलेलं पाणी तपासायला गेलं. बाईंच्या अंगात होतं तेच तिच्याही अंगात निघालं. मात्र ते लवकर सापडलं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी वॉर्डात गेलो. बाईंनी कॉटवरची चादर सारखी केली, तिचा कोपरा नीट दुमडला, आणि त्या कोपऱ्याकडे बघतच म्हणाल्या, "पुष्पा, चुकलं माझं. माझोच गो माका राग येता."

पुष्पाताई उठून बसली. "काय चुकला? माहीत होता का तुमाला तेव्हा? हौस माझी होती. इतकी वर्सं पाटावर ऐटीत बसले, ती काय आता तुमी परत घेणार?" आणि मग बाईंचा हात आपल्या मांडीवर ओढून घेऊन म्हणाली, "तीन दिवस मासळीच्या वासात बसलाव ना माझ्यासाठी. बास झाला."

बाई रडल्या. शिवणाच्या बाई, ज्यांच्यासमोर हसायलाही परवानगी लागायची, त्या कॉटवर बसून पदर तोंडाला लावून रडल्या, आणि पुष्पाताई त्यांच्या पाठीवर थोपटत राहिली. पुष्पाताई आज ठणठणीत आहे. माझीही तपासणी दरवर्षी होते आणि दरवर्षी ठीक येते. मी हे लिहायला जिवंत आहे याचं श्रेय डॉक्टरांचं. पण मी इतकी वर्षं आरशासमोर सरळ उभी राहिले, आणि आता डोळे उघडे ठेवून, न घाबरता उभी राहते, ते दोन्ही बाईंचं देणं आहे. त्यांनी मला आधी हिंमत दिली आणि नंतर खरं काय ते सांगितलं. पहिलं काम बरेच जण करतात. दुसऱ्यासाठी परत येणारं माणूस मी एकच पाहिलं.

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्या आजाराने नव्हे, हृदयाच्या झटक्याने, सकाळी पेपर वाचता वाचता. त्याच्या थोडेच दिवस आधीची, मी त्यांना शेवटचं पाहिलं ती दुपार मला लिहायची आहे.

मी त्यांच्याकडे सहज गेले होते. गिरगावातून एक मुलगी आली होती, ऋतुजा, पंचविशीची असेल, सोबत तिची आई. पुढच्या आठवड्यात तिचं ऑपरेशन होतं, आणि इम्प्लांट बसवायचं की नाही हे तिला ठरवायचं होतं. कोणीतरी बाईंचं नाव सांगितलं होतं. आई म्हणाली, "बाई, तुम्ही सांगाल तसं करू आम्ही."

मी बाईंकडे पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांना काय करायचं ते सांगत आलेली बाई.

"तसं मी आता कोणाला सांगत नाही," त्या म्हणाल्या. "मला जे माहीत आहे ते सगळं सांगते. ठरवायचं तिने."

आणि त्यांनी सांगितलं. मोहरीच्या कोंबांपासून उसवलेल्या शिलाईपर्यंत, पुष्पाताईच्या ऐटीपासून तिच्या ऑपरेशनपर्यंत, काही न गाळता. खरखरीत आणि गुळगुळीत असे दोन प्रकार असतात, कुठलं बसवणार ते डॉक्टरांना विचारायचं, इम्प्लांट नको असेल तर दुसरे काय मार्ग आहेत तेही विचारायचं, आणि बसवलं तर जन्मभर लक्ष ठेवायचं. मुलगी शांतपणे ऐकत होती. मग तिने खाली मान घालून अगदी हळू विचारलं, "पण दिसतं कसं?"

आई चपापली. "असं विचारतात का गं?"

"हेच विचारायचं असतं," बाई म्हणाल्या. त्या उठल्या, दाराची कडी घातली आणि खिडकीपाशी, उजेडात जाऊन उभ्या राहिल्या. पदर खाली घेतला आणि ब्लाउजचे हुक काढले. एका बाजूला सपाट छाती आणि तिच्यावर आडवा व्रण.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नीलम."

मी आजवर माझ्या सख्ख्या बहिणीलाही दाखवलं नव्हतं. पण बाईंनी नाव घेतल्यावर वर्गात जशी उठून उभी राहायचे तशी मी उठले, त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि हुकांना हात घातला.

आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या होतो, एक इम्प्लांट असलेली आणि एक काढून टाकलेली. मुलगी माझ्याकडे बघत होती, मग बाईंकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तिच्या आईने डोळे मिटून घेतले होते, तेही तिने उघडले. बाई ताठ उभ्या होत्या, हात खाली सोडून, कुठेही काही न झाकता.

"जवळ ये," त्या मुलीला म्हणाल्या. "हात लावून बघ बाळा. घाई नाही कसली."